पानं फुटेपर्यंत थांबू

मारेगाव,
तुळशीच्या लग्नानंतरचा रविवार

चिमणे,

तू पाठवलेला तक्ता मिळाला. चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला, कारण मोबाइलवर रकाने दिसतात पण डोक्यात उतरत नाहीत. आता तो कागद देवघरासमोर पाटावर ठेवलाय आणि चार दिवस झाले, येताजाता वाचतेय. २८ मार्चला मी टोकियोत उतरायचं. २९ ला उएनोची बाग आणि राजवाड्याच्या खंदकाकाठचं चिदोरिगाफुची. ३० ला क्योटो. ३१ ला योशिनोचा डोंगर. १ एप्रिलला परत टोकियो, २ ला माझं विमान. शेवटच्या रकान्यात प्रत्येक दिवसापुढे तू गुलाबी रंगात ‘पूर्ण बहर’ लिहिलंयस.

किती मायेनं आखलंस हे सगळं! माझ्या गुडघ्यासाठी कुठल्या स्टेशनला लिफ्ट आहे तेही लिहिलंस. म्हणून हे लिहायला मला दोन दिवस लागले. पण लिहिते. हा बेत मला बदलायचा आहे. येणं रद्द करत नाही, घाबरू नकोस. पासपोर्ट हातात आला आहे, तुझं निमंत्रणपत्र आलं की व्हिसाचे कागद मुंबईला पाठवीन. येणारच आहे. फक्त सहा दिवसांसाठी नाही.

तू कापसाच्या घरात वाढलीस, तुला धूळपेरणी सांगायला नको. पावसाचा पत्ता नसताना मृगाच्या भरवशावर कोरड्या मातीत बी टाकायचं. साधलं तर पीक आठ दिवस पुढं, नाहीतर दुबार पेरणी. तुझा तक्ता ही धूळपेरणी आहे, आणि तीही सहाच दिवसांची. टोकियोत साकुरा उमलण्याची सरासरी तारीख २४ मार्च आणि पूर्ण बहराची ३१ मार्च, हे तूच मला सांगितलंस. सरासरी म्हणजे काय ते मी चाळीस मुलांच्या वर्गाला शिकवलंय. २०२३ मध्ये टोकियोत पहिली फुलं १४ मार्चला उमलली, २०२४ मध्ये २९ मार्चला. एकाच शहरात, एकाच झाडावर, पंधरा दिवसांचा फरक. २०२३ सारखं वर्ष निघालं तर मी उतरेन तेव्हा रस्त्यावर पाकळ्यांचा चिखल असेल. २०२४ सारखं निघालं तर तुझ्या रकान्यांतले सहाही दिवस आपण बहुतेक कळ्याच बघत फिरू आणि मी विमानात बसले की मागे बहर येईल.

ते झाड कोणतं, तेही वाचलं. यासुकुनी देवळाच्या आवारात हवामान खात्यानं एक झाड नमुना म्हणून धरलंय. खात्याचा माणूस येतो, वर मान करून फुलं मोजतो, पाच-सहा उमललेली दिसली की टोकियोचा साकुरा उमलला असं जाहीर होतं. ऐंशी टक्के उमलली की पूर्ण बहर. सरकारचा माणूस झाडाखाली उभा राहून फुलं मोजतो, हे वाचून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे पैसेवारीसाठी पीक मोजायला माणूस येतो तेव्हा गावाचा जीव टांगणीला असतो. फुलासाठी कुणी आलेलं मी पाहिलं नाही.

आणखी एक हिशेब मला आवडला. १ फेब्रुवारीपासून रोजचं कमाल तापमान मांडत जायचं, बेरीज ६०० अंशांच्या आसपास गेली की टोकियोतली फुलं उमलतात. अंदाज आहे, नियम नव्हे, पण बऱ्यापैकी जुळतो म्हणतात. मी इथल्या मारेगावच्या उन्हाची बेरीज करून बघितली. फेब्रुवारीत दिवसाला तीस अंश धरले तर विसाव्या दिवशीच ६०० भरतात! पण तेवढ्यानं भागत नाही. त्या झाडाची कळी आदल्या उन्हाळ्यातच तयार होते आणि झोपी जाते. पुढे कडक थंडीचे आठवडे अंगावर घेतल्याशिवाय तिची झोप मोडत नाही. हिवाळा उबदार गेला तर जपानच्या दक्षिणेला बहर उलट लांबतो. आधी गारठा, मग ऊब, आणि हाच क्रम लागतो.

आपल्या गल्लीतल्या काकू म्हणाल्या, एक रोप घेऊन या, अंगणात लावू. त्यांना हाच हिशेब सांगावा लागला. शिवाय रोप असं आणता-नेता येत नाही. वॉशिंग्टन शहरातल्या साकुऱ्याची गोष्ट मी त्यांना सांगितली. १९१० मध्ये टोकियोनं दोन हजार झाडं भेट म्हणून पाठवली, ती किडीनं भरलेली निघाली आणि अमेरिकेनं सगळी जाळून टाकली. टोकियोचे महापौर युकिओ ओझाकी यांनी राग धरला नाही. निरोगी कलमं तयार करवून घेतली आणि १९१२ मध्ये तीन हजार वीस झाडं पुन्हा पाठवली. आज वॉशिंग्टनला लोक जो बहर बघायला जातात त्याची सुरुवात या दुसऱ्या खेपेनं झाली. काकू ऐकत होत्या. म्हणाल्या, “एकदा जळाल्यावर पुन्हा पाठवले म्हणजे मोठ्या मनाचा माणूस होता.” गुलाबी झाडाची हौस मुंबईकरांनी दुसऱ्या वाटेनं भागवली आहे. विक्रोळीला महामार्गाच्या कडेला फेब्रुवारी-मार्चमध्ये जी गुलाबी झाडं फुलतात आणि ज्यांना हौसेनं मुंबईचा साकुरा म्हणतात, ती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली टॅबेबुया. फुलोरा छानच असतो, पण झाड वेगळं आहे.

आपला सालदार दादा मात्र रोप मागत नाही. त्याचा प्रश्न वेगळा. परवा कापसाचं गाठोडं उतरवताना म्हणाला, “बाई, फुलं पाहाले एवढ्या दूर जाता जी? आपल्या धुऱ्यावर पळस काय कमी हाय?” त्याला लगेच उत्तर देता आलं नाही. प्रश्न खराच आहे. तू ज्या आठवड्यात मला तिकडे बोलावतेस त्याच आठवड्यात करंजीपासून वणीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस पेटलेला असतो. शेतं रिकामी, पऱ्हाटी उपटलेली, जमीन भेगाळलेली, आणि त्यात एकही पान नसलेलं झाड केशरी फुलांनी भरलेलं. साकुराही पानाआधी फुलतो. त्यामुळेच दोघांचा बहर डोळ्यांत भरतो.

दोन्ही झाडांचा विचार केला तेव्हा एक मोठा फरक लक्षात आला. तुमच्याकडे जो साकुरा सगळीकडे दिसतो तो सोमेई योशिनो. एदो काळाच्या शेवटाला सोमेई गावच्या माळ्यांनी तो विकायला सुरुवात केली. ते गाव आता टोकियोतच आहे, कोमागोमे स्टेशनजवळ. ही सगळी झाडं कलमाची. बी लावून हे झाड जसंच्या तसं मिळत नाही, म्हणून देशभरातली लाखो झाडं मुळात एकाच झाडाच्या फांद्या आहेत. म्हणून एका भागातली सगळी एकदम फुलतात आणि म्हणून तारखेचा अंदाजही बांधता येतो. म्हणजे तिथलं प्रत्येक झाड कुणीतरी खड्डा खणून, हातानं लावलंय. आपला पळस कुणीच लावत नाही. शेंग वाऱ्यानं उडते, धुऱ्यावर पडते, रुजते. प्रत्येक झाड बियाचं, म्हणून प्रत्येकाची तारीख निराळी. एक पेटलेला असतो तेव्हा शेजारचा अजून काळ्या मखमली कळ्या धरून उभा. त्याच्या पानांच्या पत्रावळी केल्या, मुळांचे दोर वळले, फुलं उकळून धुळवडीचा रंग केला. दिलं काय त्याला? धुरा रुंद करायचा असला की पहिली कुऱ्हाड त्याच्यावर.

पोडावरच्या शाळेत होते तेव्हा माझ्या वर्गात कोलाम मुलं होती. मराठी त्यांची दुसरी भाषा, पहिल्या महिन्यात तोंड उघडायची नाहीत. पण पहिला पळस फुलला की वर्गात फूल यायचंच. टेबलावर ठेवायचं आणि पळायचं. पाकळी पोपटाच्या चोचीसारखी म्हणून संस्कृतात त्याला किंशुक म्हणतात, म्हणजे ‘हा पोपट तर नव्हे?’ असं सांगितलं की सगळा वर्ग हसायचा. भाषा कळो न कळो, चोच सगळ्यांना कळायची. इतकी वर्षं ते पहिलं फूल माझ्या टेबलावर आलं आणि मी एकदाही तारीख लिहून ठेवली नाही. हजेरी लिहिली, तांदळाचा हिशेब लिहिला, पावसाचे मिलिमीटर लिहिले. फुलाची तारीख नाही.

क्योटोत ती लिहिली गेली. दरबारातले लोक, देवळांतले भिक्षू आपापल्या रोजनिशीत बहराचा दिवस टिपून ठेवायचे. ओसाकाचे यासुयुकी आओनो नावाचे प्राध्यापक जुन्या बाडांतून या तारखा वेचत राहिले. सर्वात जुनी नोंद इसवी सन ८१२ ची. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वरी लिहिली जायच्या पावणेपाचशे वर्षं आधीची. त्या बाराशे वर्षांच्या माळेत २०२१ चा पूर्ण बहर, २६ मार्चचा, तोवरचा सर्वात लवकरचा ठरला. पृथ्वी तापतेय हे कुणी यंत्रानं सांगितलं तर माणूस वाद घालतो. बाराशे वर्षांच्या रोजनिश्यांशी कसा वाद घालणार? नोंद ठेवणारा भिक्षू तर बहराच्या आनंदानं लिहीत होता. आपलं अक्षर पुढे असल्या कामी येईल हे त्याला ठाऊक नव्हतं.

चिमणे, आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते लिहिते.

दसऱ्याच्या फोनवर तू म्हणालीस, “आई, साकुरा गळतो म्हणूनच सुंदर. आठवडाभर फुलायचं आणि पूर्ण भरात असताना गळून जायचं. सुकत बसायचं नाही. मला ते फार पटतं गं.” तू सहज बोललीस, तुझ्या आवाजात काही वेगळं नव्हतं. तुझ्या ऑफिसात सगळेच तसं म्हणतात, हेही तू सांगितलंस. पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

माझ्या पहिल्या वर्गातला एक मुलगा तुला आठवत असेल, तुझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठा. पहिला पळस बहुतेक तोच आणायचा. दहावीनंतर शेतीत पडला. एका ऑगस्टमध्ये, दुबार पेरणी होऊन गेलेली, पावसानं पुन्हा ओढ दिलेली, आणि तो गेला. कसा गेला ते आपल्या जिल्ह्यात कुणाला विचारावं लागत नाही. तेरवीच्या दिवशी मांडवात कुणीतरी म्हणालं, फुलासारखा होता, फुलासारखा गळला. वाईट हेतूनं नाही म्हणालं, समजूत घालायलाच म्हणालं. मी तिथून उठून आले. त्याची बायको तेवीस वर्षांची होती आणि पोरगं पाळण्यात. फूल गळतं तेव्हा मागे फळ धरायचं असतं, पान यायचं असतं, झाड उभं असतं. तो गेला तेव्हा असं काहीच झालं नाही. एका घराचं आढं मोडलं. तेव्हापासून भरात गळण्याला सुंदर म्हणणारं वाक्य मला सोसत नाही. जपानी असो की मराठी.

म्हणून वाचत गेले. जपाननंही या वाक्याची किंमत मोजली आहे. १९४५ मध्ये बाविशीतली पोरं ज्या विमानबॉम्बमध्ये बसवून शत्रूच्या जहाजांवर सोडली, त्या बॉम्बचं नाव होतं ‘ओका’, म्हणजे साकुऱ्याचं फूल. त्याच्या नाकाडावर फूल रंगवलेलं असायचं. पोरांना सांगितलं गेलं की फुलासारखं गळणं हाच मान. ज्या यासुकुनीच्या आवारात हवामान खात्याचं ते नमुना झाड आहे, ते देऊळ युद्धात मेलेल्यांचं. मी जपानी माणसाला दोष देत नाही. त्यांच्या पाकळ्यांच्या पावसाला मी नावं ठेवत नाही. वाऱ्यावर पाकळ्या उडतात त्याला ते ‘हानाफुबुकी’ म्हणतात, फुलांचं हिमवादळ. पाण्यावर साचतात त्याला ‘हानाइकादा’, फुलांचा तराफा. इतकं बारकाईनं बघून नावं देणाऱ्या माणसांपुढे मी हातच जोडीन. पण गळण्याचं सौंदर्य पाकळीचं आहे, पोरी. माणसाला ते लावायचं नाही. तू तिथे रात्री नऊ-नऊपर्यंत काम करतेस, डबा अर्धा परत आणतेस, आणि मला सांगतेस की भरात गळणं पटतं. मला ते ऐकून भीती वाटली. एवढंच.

आणि झाडाची गोष्टही ते वाक्य सांगतं तशी नाही. हे मला हिरोसाकीनं शिकवलं. सोमेई योशिनोचं आयुष्य साठेक वर्षांचं, असं सरसकट म्हटलं जातं. साकुरा छाटू नये अशी तिकडे म्हणच आहे, छाटणारा मूर्ख. कारण छाटलेल्या जागेतून कुजणं आत शिरतं. पण उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातलं हिरोसाकी हे सफरचंदाचं गाव. तिथल्या किल्ल्याच्या बागेतली झाडं म्हातारी व्हायला लागली तेव्हा तिथल्या लोकांनी सफरचंदाच्या बागेतली विद्या साकुऱ्याला लावली. दुबळी फांदी योग्य जागी कापायची, जखमेला औषध लावायचं, बुडाशी खत-माती द्यायची. झाड पुन्हा कोवळे धुमारे टाकतं आणि एकेका कळीतून जास्त फुलं निघतात. तिथे १८८२ मध्ये लावलेलं झाड अजून फुलतंय. साठ वर्षांचं आयुष्य म्हणत होते, दीडशेकडे चाललंय! म्हण खोटी ठरवली ती फळबागेत हात घातलेल्या शेतकऱ्यांनी. हे वाचलं तेव्हा मी एकटीच घरात मोठ्यानं ‘शाब्बास’ म्हणाले. हिरोसाकीला एप्रिलच्या शेवटी बहर येतो, तोवर मला थांबता येणार नाही. पुढच्या खेपेला तिथेच नेशील.

या खेपेला मला दुसरं एक झाड दाखव. यामानाशी प्रांतात होकुतो नावाच्या गावात जिस्सोजी देवळाच्या आवारात जिंदाईझाकुरा आहे. वय अठराशे ते दोन हजार वर्षं सांगतात. त्यातलं थोडं श्रद्धेचं असेल, पण म्हातारं आहे हे खोड बघूनच कळतं, घेर दहा मीटरहून जास्त. १९२२ मध्ये जपाननं राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा म्हणून ज्या साकुऱ्यांना सर्वात आधी मान दिला त्यांतला हा एक. वरचा शेंडा कधीच गेलाय, फांद्यांना लाकडी टेकू दिलेत, खोड पोकळलेलं. मुळं गुदमरून तो मरायला टेकला होता तेव्हा भोवतालची माती बदलून त्याला जगवलं. आणि टेकूंवर टेकलेला तो दर वर्षी एप्रिलच्या आगेमागे फुलतो. हाही साकुराच. मला त्याच्यासमोर तुझा हात धरून उभं राहायचंय.

म्हणून नवा बेत असा.

येत्या वर्षी होळी-धुळवड २१-२२ मार्चला आहे आणि गुढीपाडवा ७ एप्रिलला. अधिक मासामुळे सण पुढे सरकलेत आणि ते आपल्या पथ्यावर पडलंय. पाडव्याला सालदार दादाचं नवं साल ठरतं, त्या दिवशी मी घरी नसले तर बरं दिसणार नाही. तोंडी शब्दाचा व्यवहार आहे, समोरासमोरच व्हायला हवा. धुळवडीला पळसाचा रंग मला इथेच खेळायचाय. मधले पंधरा दिवस तुझे. तेव्हा वेचणी संपलेली असेल, हरभरा घरात आलेला, गहू कापायला टेकलेला, तेवढं दादा बघेल. २३ ला पहाटे मारेगावहून निघेन. करंजी, वडकी, हिंगणघाट करत नागपूर, तिथून दिल्ली, दिल्लीहून रात्रीचं विमान. २४ ला तुझ्याकडे. परतीचं तिकीट ५ एप्रिलचं काढ. म्हणजे कळ्या असोत, बहर असो की पाकळ्या, काहीतरी हाती लागेलच, आणि बहुधा तिन्ही. तिकिटाचे पैसे मी देणार. यंदा पहिल्या दोन वेचण्या चांगल्या झाल्यात. यावर वाद नको.

तुला पंधरा दिवस रजा मिळणार नाही हे मला माहीत आहे. तुमच्याकडेही ३१ मार्चला वर्ष संपतं, तुझ्यावर कामाचा डोंगर असतो. म्हणून तू दोनच दिवस रजा काढ, जिंदाईझाकुऱ्यासाठी, आणि तारीख आत्ता ठरवू नकोस. शनिवार-रविवारला जोडून, फुलं बघून ठरवू. बाकीचे दिवस तू कामावर जा. मी एकटी बाहेर पडेन. तुझ्या निशिकासाईहून अराकावा नदी जवळ आहे, तिच्या काठाला कोमात्सुगावाची हजारेक साकुऱ्यांची रांग आहे, तुझ्याच एदोगावा वॉर्डात. रोज तीच रांग बघेन. एकाच झाडापुढे रोज जाऊन उभं राहिलं तर ते काय करतं ते कळतं. सोमेईच्या माळ्यांच्या गावीही एकदा जाईन, कोमागोमेला. तिथल्या रिकुगिएन बागेत फांद्या खाली सोडलेला साकुरा आहे म्हणतात. क्योटो आणि योशिनो या खेपेला सोडून दे. त्यातल्या योशिनोबद्दल वाईट वाटतंय. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत तीसेक हजार झाडं, बहुतेक रानटी जातीची, आणि बहर खालून वर चढत जातो. तिथली झाडं भाविकांनी शतकानुशतकं देवाला वाहिली म्हणून वाढत गेली. पण सहा दिवसांत तीन शहरं गाठायला गेलो तर तुझा वेळ स्टेशनांवर जाईल आणि मी तुझा चेहरा नीट बघणार नाही.

गर्दीच्या उएनोला एक संध्याकाळ जाऊ. लोक निळ्या ताडपत्र्या अंथरून झाडाखाली जेवायला बसतात, ते मला बघायचंय. आठव्या शोगुनानं, तोकुगावा योशिमुनेनं, अठराव्या शतकात आसुकायामाला साकुरा लावला तो साध्या लोकांना बसता यावं म्हणून, हे वाचल्यापासून त्या जेवणाची ओढ लागली आहे. मी भाकरी, ठेचा आणि जवसाची चटणी करून नेईन. पीठ आणि जवस तिकडच्या आपल्या लोकांच्या दुकानात मिळेल का ते बघून ठेव. इथून बिया, वाळली फुलं काही आणणार नाही, विमानतळावर झाडपाल्याची तपासणी कडक असते. म्हणजे पळसाचा रंग तुला लावता येणार नाही. पण धुळवडीनंतर दोन दिवसांतच निघतेय, पळसाचा पिवळा नखांतून लगेच जात नाही. तेवढा येईल.

जपान आपल्याला अगदीच परका नाही, हे मी सालदार दादाला सांगितलं. दीक्षाभूमीवर तो दर वर्षी जातो, भंते सुरई ससाई त्याला माहीत आहेत. ते जपानमध्ये जन्मले आणि नागपूरचे झाले, याचा त्याला अभिमान आहे. कामठीचं ड्रॅगन पॅलेसही त्यानं पाहिलंय, १९९९ मध्ये जपानी मदतीतून उभं राहिलेलं. “मंग बराबर हाय,” म्हणाला. “ते इकडं आले, तं आपण तिकडं गेलं पाह्यजे.” मग जरा थांबून म्हणाला, “पोरीले पाहून या जी बाई. फुलं का, दिसतीन.”

त्या मुलाचा मुलगा आता आठवीत आहे. पहिला पळस आणणाऱ्या मुलाचा. संध्याकाळी गणित सोडवायला येतो. मी एक नवी वही केली आहे आणि त्याला सांगून ठेवलंय की या वर्षी नाल्याकाठच्या पळसावर पहिलं फूल दिसलं की तारीख तू लिहायचीस, मी नाही. पाच-सहा फुलं दिसली की लिहू का, असं त्यानं विचारलं, कारण त्याला यासुकुनीच्या झाडाचं सांगितलं होतं. मी म्हटलं, आपल्याकडे एकावरही चालेल. तो म्हणाला, नाही बाई, पाच. मग पाच ठरली.

मी ५ एप्रिल म्हटलं त्याचं कारण तेवढं राहिलं. पाकळ्या गळत आल्या की साकुऱ्याला पालवी फुटते. अर्धी फुलं, अर्धी कोवळी पानं, अशा झाडाला तुमच्याकडे ‘हाझाकुरा’ म्हणतात. लोक तोवर ताडपत्र्या गुंडाळून घरी गेलेले असतात. मला तो बघायचाय, तुझ्याबरोबर. तोवर मी हलणार नाही.

आणि आज, हे पत्र वाचून झालं की अंगावर जाड काहीतरी घे आणि तुझ्या इमारतीखालच्या साकुऱ्यापाशी जा. त्याची पानं आता लाल होऊन झडत असतील. हाताला येईल अशी एक डहाळी वाकव आणि पान जिथून गळलं त्या जागी बोट फिरव. उन्हाळ्यात धरलेली कळी तिथेच असणार. फोटो पाठवू नकोस. बोटाला केवढी लागली, ज्वारीच्या दाण्याएवढी की तुरीच्या, ते मला रात्री फोनवर सांग. मी जागी आहे.

तुझी,
आई